नर, आंबोली, जातीची जागा कोरी

जुलैतल्या एका शनिवारी माझ्या टेबलावर 61 व्हायल, म्हणजे नमुन्यांच्या छोट्या कुप्या, होत्या आणि त्यांच्याबरोबर एक यादी: खेकडा कोळी, कुळ थोमिसिडी, 19 जाती. यादी माझ्या विद्यार्थिनीची. दोन पावसाळे ती आंबोली आणि राधानगरीच्या रानात उलटी छत्री घेऊन हिंडली होती. झुडपाखाली छत्री धरायची, काठीनं फांदी झोडपायची आणि छत्रीत पडेल ते उचलायचं, असं हे काम. जळवा, पाऊस, घरच्यांचे प्रश्न, सगळं सोसून तिनं हे गोळा केलं होतं. सोमवारी तिला प्रगती अहवाल सादर करायचा होता.

संध्याकाळी सहाला यादीत आठ नावं उरली आणि एक ओळ कोरी राहिली. त्या कोऱ्या ओळीपायी हे लिहायला बसले आहे.

सगळ्यात आधी पिल्लं वेगळी काढली. कोळ्याची जात ओळखायची ती जननेंद्रियांवरून. मादीच्या पोटाखालची कडक तबकडी, म्हणजे एपिगाइन, आणि नराच्या तोंडाजवळच्या पाल्पचं, म्हणजे आखूड पायासारख्या अवयवाचं, फुगीर टोक. शेवटची कात टाकेपर्यंत यातलं काहीच घडलेलं नसतं. त्यामुळे पिल्लू कितीही देखणं असलं तरी त्याला जातीचं नाव देता येत नाही. समाजमाध्यमांवर रोज कोळ्यांच्या पिल्लांचे फोटो पूर्ण शास्त्रीय नावानिशी फिरतात आणि लोक ते खरं धरून चालतात, याचा मला मनापासून त्रास होतो. 61 पैकी 24 व्हायलमध्ये पिल्लंच होती. पाच नावं तिथेच गेली.

मग पाच व्हायल अशा निघाल्या की त्या या कुळातल्याच नव्हत्या. चपटं अंग, खेकड्यासारखे बाजूला पसरलेले पाय, तिरकी चाल. लांबून पाहिलं तर खेकडा कोळीच. पण थोमिसिडीत पुढच्या दोन जोड्या लांब आणि दणकट असतात, मागच्या दोन आखूड. भक्ष्याला मिठी मारायला पुढचे पाय, फुलाला धरून बसायला मागचे. या पाचांचे चारही जोड्यांचे पाय जवळपास सारखे होते, त्यातल्या त्यात दुसरी जोडी लांब. तळव्याशी दाट केसांचा झुबका, ज्याच्या जोरावर हे काचेवरही पळतात. डोळ्यांना उंचवटे नाहीत. हे फिलोड्रोमिडी, वेगळंच कूळ.

चूक तिची नव्हती. आमच्या ग्रंथालयात बिनॉय कृष्ण टिकादर यांचा 1980 चा ‘फॉना ऑफ इंडिया’चा खेकडा कोळ्यांवरचा खंड आहे. त्यात फिलोड्रोमस आणि टिबेलस हे फिलोड्रोमिडीतले गट थोमिसिडीच्याच पोटात आहेत, आणि तिनं छाननी केली ती त्यावरून. फ्रान्सच्या युजीन सिमाँपासून ही मांडणी चालत आली होती. पण 1975 मध्येच होमान या जर्मन अभ्यासकानं डोळ्यांच्या आतला परावर्तक पडदा तपासून दाखवलं होतं की दोन्ही गटांची रचना वेगळी आहे आणि थोमिसिडीचे डोळे जमिनीवर धावणाऱ्या लांडगा कोळ्यांशी जुळतात. 2017 मध्ये जगभरच्या कोळ्यांचा जनुकांवरून वंशवृक्ष मांडला गेला, तेव्हा थोमिसिडी खरोखर लांडगा कोळ्यांच्या फांदीवर आले आणि फिलोड्रोमिडी उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या बाजूला गेले. म्हणजे खेकड्याचं रूप दोघांनी आपापलं कमावलेलं. हे सगळं मी तिला दुसऱ्या वर्षीच सांगायला हवं होतं. तीन नावं यादीतून कमी झाली.

पुढचं काम रंगांचं. पांढरी, पिवळी आणि गुलाबी छटेची अशा थोमिसस या थोमिसिडीतल्या गटाच्या तीन ‘जाती’ तिनं लिहिल्या होत्या. थोमिससची मादी ज्या फुलावर बसते त्याप्रमाणे काही दिवसांत रंग बदलू शकते. शिवाय अल्कोहोलात पडल्यावर महिन्याभरात सगळ्याच फिक्या होतात. ऑक्सिटेटसारखा पोपटी कोळीसुद्धा तिथे मळकट पिवळा दिसतो. मी तिन्ही माद्यांची एपिगाइन बारीक सुईनं सोडवली आणि लवंग तेलात ठेवली. लवंग तेलात ऊती पारदर्शक होतात आणि आतल्या नळ्या कशा वळल्या आहेत ते दिसू लागतं. प्रयोगशाळेतले मामा म्हणाले, “मॅडम, आज दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटतंय.” तिन्हींच्या नळ्यांची वळणं एकच होती. तीन नावांचं एक झालं. आणखी एका ठिकाणी नर आणि मादी दोन जाती म्हणून नोंदले गेले होते. थोमिससचा नर दोन-तीन मिलिमीटरचा आणि तपकिरी असतो, मादी त्याच्या कितीतरी पट मोठी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते एकाच जातीचे वाटूच शकत नाहीत.

दुपारी एक चांगली गोष्ट घडली. शेजारच्या टेबलावर दुसऱ्या विद्यार्थ्याची मुंग्यांची पेटी होती. आंब्याच्या पानांचं घर शिवणाऱ्या लाल मुंग्या, ज्यांना आमच्याकडे हुमले म्हणतात. भिंगाखाली पेट्री डिश ठेवली, तर एका ‘मुंगी’ला आठ पाय. पोटाच्या मागच्या टोकाला दोन काळे ठिपके, मुंगीच्या डोळ्यांसारखे. अमिसिया फोर्टिसेप्स. मुंग्यांच्या शेजारी राहून मुंग्याच खाणारा हा खेकडा कोळी. रूपावरून त्याला कोणीही या कुळात घेतलं नसतं, पण पाल्प आणि डोळ्यांचे उंचवटे पाहिले की शंका उरत नाही. दक्षिण अमेरिकेत मेलेल्या मुंगीचं शरीर ढालीसारखं डोक्यावर धरून हिंडणारा अफँटोकायलस आहे. त्याला तर पूर्वी स्वतंत्र कूळ दिलं होतं. 2008 मध्ये श्रीलंकेचे सुरेश बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकं तपासली, तेव्हा तो थोमिसिडीच्या आतच निघाला. दिसण्यावरून अफँटोकायलसला बाहेर काढलं होतं, फिलोड्रोमिडींना आत घेतलं होतं. विद्यार्थिनीनं त्या दिवशी पहिल्यांदा हसून यादीत एक नाव वाढवलं.

आणि मग व्हायल क्रमांक 38.

आंबोलीचा थोमिसस, नर, पूर्ण वाढलेला, अडीच मिलिमीटर. तिच्या यादीत त्याच्यासमोर ‘नवी जात?’ असं लिहिलेलं. आम्ही डावा पाल्प काढला. चित्र नेहमी डाव्याचंच काढतात, म्हणजे जगात कुठेही बसलेल्या माणसाला त्याच्या समोरच्या नमुन्याशी ते ताडता येतं. पेट्री डिशमध्ये सॅनिटायझरचा जेल घेतला, कारण एवढीशी वस्तू अल्कोहोलात तरंगत फिरते आणि जेलमध्ये हव्या त्या कोनात स्थिर राहते. खालून, बाजूनं, थोडी तिरकी करून, अशा तीन दिशांनी पाहिलं. पाल्पच्या नडगीवर बाहेरच्या बाजूला एक काटा असतो. याचा काटा टोकाशी एकदम वळलेला होता, आकड्यासारखा. प्रकाशित झालेल्या भारतीय थोमिससच्या नरांची जेवढी चित्रं माझ्याकडे आहेत त्यांत हा काटा नाही. तासभर आम्ही दोघी काही बोललो नाही.

ती म्हणाली, “मॅडम, नवीन आहे ना?”

मी कॅटलॉग उघडला. जागतिक कोळी कॅटलॉग स्वित्झर्लंडच्या बर्नमधल्या संग्रहालयातून चालतो. त्यात 50 हजारांहून जास्त जातींचे सगळे संदर्भ आहेत, आणि प्रत्येक संदर्भापुढे त्यात नर वर्णिला आहे की मादी, याची खूण. आपल्या भागातून फार पूर्वी वर्णन केलेली एक थोमिसस आहे, फक्त मादीवरून. नर अज्ञात. तिच्या एपिगाइनचं छापील चित्र अंगठ्याच्या नखाएवढं, आणि तेही फक्त बाहेरून काढलेलं. व्हायल 38 ज्या झुडपावरून आली, त्याच झुडपावरच्या 41 मध्ये एक मादी होती. तिचं एपिगाइन त्या चित्राशी जुळतं असं मला वाटतं. वाटतं, एवढंच म्हणू शकते. मूळ नमुना परदेशातल्या एका संग्रहालयात आहे. फोटोसाठी पाच महिन्यांत दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. ज्या देशातला प्राणी आहे तिथल्या माणसाला तो बघायला मिळू नये, हे मला कधीच पटलेलं नाही.

डीएनएनं हा प्रश्न एका आठवड्यात सुटला असता. दोघांच्या सीओआय जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि शेजारी ठेवायचा. आम्ही दोनदा प्रयत्न केला, तपासणीत पट्टी उमटली नाही, म्हणजे वाचण्याजोगा डीएनए हाती लागला नाही. सगळे नमुने दोन वर्षं 70 टक्के अल्कोहोलात साध्या कपाटात होते. गोळा करतानाच एक पाय तोडून ॲब्सोल्युट, म्हणजे शुद्ध, अल्कोहोलात थंड ठेवायला हवा होता. हे तिला सांगणं माझं काम होतं आणि मी ते केलं नाही. पहिल्या वर्षी नमुने मिळतायत याच आनंदात मी होते.

“नवीन म्हणून देऊ या ना,” ती म्हणाली. “चुकलं तर पुढे कोणीतरी सिनोनिम करेल.”

सिनोनिम करणं म्हणजे ते नाव जुन्या नावात विलीन करणं. मी नाही म्हटलं. थोमिससमध्ये एका लिंगावर बेतलेली नावं आधीच भरपूर आहेत. एकाची मादी आणि दुसऱ्याचा नर खरं तर एकच, हे उलगडायला पुढच्या माणसाची वर्षं जातात. आपण आणखी एक गाठ मारायची नाही, असं मी तिला सांगितलं.

तिनं वाद घातला नाही, पण जाता जाता म्हणाली, “टिकादर सरांचा झिस्टिकस मिन्युटस पण चुकीच्या ठिकाणी होता ना?”

ते खरं आहे. 1960 मध्ये टिकादरांनी त्याला झिस्टिकस या युरोपातल्या ओळखीच्या प्रजातीत, म्हणजे जातींच्या गटात, टाकलं. 2010 मध्ये बेंजामिन आणि जलील यांनी त्याच्यासाठी इंडोझिस्टिकस ही नवी प्रजाती उभारली. 50 वर्षं तो चुकीच्या घरात राहिला, पण राहिला. टिकादरांनी चित्र काढलं होतं, नमुना जपला होता, म्हणून दुरुस्ती करायला काहीतरी हातात होतं. त्यांनी माझ्यासारखी वाट पाहिली असती तर? आंबोलीच्या ज्या उतारावर ते झुडूप आहे तिथे गेल्या वर्षापासून प्लॉटचे दगड रोवलेले दिसतात. ज्याला नाव नाही त्याची नोंद कुठल्याच यादीत होत नाही. ‘थोमिसस, जात अनिश्चित’ म्हणून चित्रांसह लेख द्यावा, तर नियतकालिकं घेत नाहीत. विद्यापीठाच्या गुणांच्या तक्त्यात नव्या जातीला वजन आहे. 19 नावांतल्या 11 चुका शोधून काढण्याला त्या तक्त्यात रकानाच नाही, आणि माझ्या मते त्या मुलीनं त्या शनिवारी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच होतं.

सोमवारी तिनं आठ जातींचा अहवाल सादर केला. समितीतल्या एकानं विचारलं, “दोन वर्षांत फक्त आठ?” मी बोलायच्या आत तिनं फिलोड्रोमिडीचा फोटो पडद्यावर आणला आणि पायांच्या लांबीपासून समजावायला सुरुवात केली.

आता सोनकी फुलेल. थोमिससचा छोटा नर मोठ्या मादीच्या पाठीवर बसून राहतो, तिची शेवटची कात पडायची वाट बघत. अशी जोडी फुलावर एकत्र सापडली, तर आकडी काट्याचा नर कोणाचा, हे कोणत्याही संग्रहालयाच्या पत्राशिवाय कळेल. पुढच्या आठवड्यात ती आंबोलीला निघते आहे. काल तिला पाय काढायला दाखवला, उजवा तिसरा, म्हणजे डावी बाजू चित्रासाठी अख्खी राहते. ॲब्सोल्युटच्या छोट्या नळ्या वेगळ्या रबरबँडनं बांधून दिल्या आहेत. 38 ची चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून तिच्याच व्हायलमध्ये घातली आहे: थोमिसस, नर, आंबोली. पुढे दोन बोटं जागा सोडली आहे.