एजंट फोन कापत नव्हते

सपोर्ट टीमच्या मॅनेजरने एक्सेल शीट पाठवली आणि सोबत एकच ओळ, लांबलेले कॉल एजंट मुद्दाम कापतायत, तुमच्याकडून कन्फर्म करा. शीट आमच्याच सिस्को कॉलमॅनेजरच्या (ऑफिसची फोन यंत्रणा) सीडीआरमधून, म्हणजे प्रत्येक कॉलच्या नोंदींमधून काढलेली. वरवर बघता त्यांचं म्हणणं बरोबर वाटत होतं, कारण ज्या बाजूने फोन ठेवला तिच्या रकान्यात कॉझ कोड (कॉल का संपला ते सांगणारा आकडा) 16 येतो, म्हणजे नॉर्मल क्लिअरिंग, नेहमीसारखा फोन ठेवला, आणि तो सगळीकडे एजंटच्याच बाजूला. काहींना मेमोपण गेले होते.

एका एजंटशी बोललो तर ती वैतागलेलीच. म्हणे, "सर, मी कशाला कापू? समोरून आवाजच बंद होतो, मी हॅलो हॅलो करत बसते, स्क्रीनवर टायमर चालूच असतो, शेवटी ठेवते."

टायमर चालूच असतो म्हटल्यावर माझे कान टवकारले.

आमच्या सीडीआरमध्ये वेळा विस्कळीत होत्या, कुठे 15 मिनिटं 50 सेकंद, कुठे 17 मिनिटं, जिचा जेवढा पेशन्स तेवढा कॉल. मग सर्व्हिस प्रोव्हायडरकडून त्यांच्या बाजूचं रेकॉर्ड मागवलं (ते मिळवण्याची वेगळीच कथा आहे) आणि तिथे सगळे कॉल 15 मिनिटं 32 सेकंदांवर तुटलेले. एकजात. माणसं इतकी वक्तशीर नसतात.

एसआयपीमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून कॉल जोडायच्या-तोडायच्या प्रोटोकॉलमध्ये, सेशन टायमर नावाची भानगड असते, बहुतेक ठिकाणी 1800 सेकंदांची, आणि निम्म्यावर म्हणजे 900 सेकंद झाले की एक बाजू री-इन्व्हाइट पाठवून विचारते, आहेस ना? यूडीपीवर (यात पॅकेट पोचेलच याची हमी नसते) उत्तर नाही आलं तर अर्धा सेकंद, एक, दोन, चार असं अंतर वाढवत परत परत पाठवते आणि 32 सेकंदांनी नाद सोडून बाय, म्हणजे कॉल संपवायचा मेसेज पाठवते. 900 अधिक 32, म्हणजे 15:32, हिशोब लागला.

फायरवॉलच्या दोन्ही बाजूंना कॅप्चर (येणारी-जाणारी पॅकेट टिपून ठेवणारं) लावून लांबलचक टेस्ट कॉल केला. बाहेरच्या बाजूला तोच री-इन्व्हाइट 7 वेळा येऊन धडकलेला, आत एकदाही नाही! फायरवॉलवर एसआयपी एएलजी (एसआयपीचे मेसेज वाचून त्यात ढवळाढवळ करणारं फीचर) चालू होता, सिग्नलिंग, म्हणजे हे एसआयपीचे मेसेज, काही मिनिटं शांत राहिलं की तो कॉलची नोंदच पुसून टाकायचा आणि मग आलेला री-इन्व्हाइट अनोळखी म्हणून फेकून द्यायचा. बायचीही तीच गत, त्यामुळे कॉलमॅनेजरला कॉल संपल्याचा पत्ताच नाही. आवाजाचे पॅकेट मात्र सतत वाहत असल्याने त्यांची वाट उघडी राहायची, म्हणून तोवर कोणाला काही जाणवायचं नाही.

एकाने सुचवलं की टायमरच काही तासांचा करून टाकू. मी साफ नाही म्हटलं, तो टायमर मेलेले कॉल साफ करायला असतो, उद्या अडकलेल्या कॉलने ट्रंक (प्रोव्हायडरकडे जाणारी लाइन) भरला की परत आपल्यालाच शोधत बसायचंय. एएलजी बंद केला, हद्दीवर आमचा एसबीसी (बाहेरच्या कॉलसाठीचा खास दरवान) होताच त्यामुळे फायरवॉलने एसआयपीत नाक खुपसायची गरजच नव्हती, प्रोव्हायडरच्या आयपीसाठी सरळ रूल टाकला. पुढचा टेस्ट कॉल 15:32 ओलांडून गेला, 30 मिनिटांचा रिफ्रेशही नीट झाला.

मेमो मागे घ्यायला मात्र जास्त वेळ लागला. दोन्ही बाजूंची रेकॉर्ड शेजारी शेजारी लावून एचआरला एकेक कॉल दाखवावा लागला.