तेरा, पंधरा, चौदा

“साहेब, तुमचा गेम खोटा आहे.”

शुक्रवारी रात्री साडेदहाला घरी निघालो होतो, तर गेटवर वॉचमनकाकांनी अडवलं. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कजवळ आमचं दोन खोल्यांचं ऑफिस, माणसं चार. सोमवारी पहिला गेम प्ले स्टोअरवर चढणार होता. चार बाय चारचा चौकोन, पंधरा आकडी ठोकळे आणि एक रिकामं घर. ठोकळे सरकवत १ ते १५ ओळीने लावायचे, बस. मेट्रोत सीताबर्डीला बसलं की खापरी येईस्तोवर एखाद-दोन डाव व्हावेत, एवढंच मनात होतं. चाचणीसाठी ओळखीच्या वीसेक फोनांत टाकला होता, त्यातला एक काकांचा.

“वरचं सगळं लागते जी. खाली येऊन अडते. तेरा, पंधरा, चौदा. दोन रात्रीपासून हेच करून राह्यलो.”

“सराव लागतो काका,” मी म्हणालो. आता आठवलं की लाज वाटते.

त्यांनी काही न बोलता फोन माझ्या हातात दिला. कूलरसमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मी वीस मिनिटं झटलो. चौदा जागेवर आणला की वरची ओळ विस्कटायची, ती लावली की पुन्हा तेरा, पंधरा, चौदा. मग डोक्यात उजेड पडला आणि पोटात गोळा आला.

डाव पिसताना मी ठोकळे पत्त्यांसारखे पिसले होते, कुठलाही आकडा कुठेही. रिकामं घर तेवढं कोपऱ्यात कायम. अशा मांडण्या १ लाख ३० हजार कोटींच्या वर होतात, आणि त्यातल्या बरोबर निम्म्या कधीच सुटत नाहीत. हे काही नवं नव्हे. १८७९ सालीच जॉन्सन आणि स्टोरी या गणितज्ञांनी ते सिद्ध करून छापलं होतं. पुढे सॅम लॉइड या कोडी रचणाऱ्या अमेरिकन माणसाने नेमक्या याच चौदा-पंधराच्या अदलाबदलीवर हजार डॉलरचं बक्षीस लावलं. ते कोणालाच मिळणार नव्हतं. मी हे कॉलेजात वाचलंही होतं!

काकांना कसं सांगावं? त्यांच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर चौकोन आखला. “रिकामं घर एकदा वर गेलं तर कोपऱ्यात परतायला...”

“एकदा खाली यावंच लागन.”

“डावीकडे गेलं तर?”

“तितक्यांदा उजवीकडे. म्हणजे जोडीच होते.”

“हो. एक चाल म्हणजे रिकाम्या घराची एका ठोकळ्याशी अदलाबदल. चाली जोडीने, म्हणून अदलाबदलीही सम. आणि तुम्हाला करायचीये फक्त एक, चौदा-पंधराची.”

काका पानाकडे बघत राहिले. “म्हणजे एक विषम,” ते म्हणाले, “मग रात्रभर केलं तरी नाहीच.”

आम्हा चौघांना हे दिसलं कसं नाही, हे मला वर जाताना जिन्यात उमगलं. आम्ही प्रत्येकी शंभरेक डाव तरी खेळलो असू. पण गेमच दोन मिनिटांचा. अडलं की ‘नवा डाव’ दाबायचं, आणि ते बटण मी मोठ्या हौसेने हिरवं, अंगठ्याखाली येईल असं ठेवलेलं. एकाच डावाला चिकटून बसायला वेळ होता तो एकट्या काकांना.

दुरुस्ती दहा-बारा ओळींची. पिसून झालं की मोठा आकडा लहान आकड्याच्या आधी आलाय अशा जोड्या मोजायच्या. संख्या विषम निघाली तर कुठल्याही दोन ठोकळ्यांची अदलाबदल करायची. साडेबाराला खाली येऊन नवी आवृत्ती त्यांच्या फोनात टाकायला घेतली.

“जुना डाव पुसला जाईल, चालेल ना?”

“नाही जी, ते राहू द्या,” काकांनी फोन काढूनच घेतला. “भाचा लय शाणपणा करून राह्यला आजकाल. त्याले देतो.”