तुम्ही विचारलंत म्हणून: चीनपासून अमेरिकेला खरंच धोका आहे का?

पुण्याला गेले की हा प्रश्न ठरलेला. मामा विचारतात, शेजारचे काका विचारतात. इथे मिशिगनमध्ये मंडळाच्या गणपतीत भेटणारी, नुकतीच शिकायला आलेली मुलंही विचारतात. ‘तू गाड्यांच्या धंद्यात आहेस, चीनशी रोजचा संबंध. खरं सांग, धोका आहे की ही सगळी निवडणुकीची भाषणं?’ उभ्या उभ्या द्यायचं हे उत्तर नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

धोका आहे. लष्करी आहे आणि आर्थिकही आहे. पण चिनी सैन्य एके दिवशी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उतरेल, असलं काही डोक्यात असेल तर ते काढून टाका. माझ्या मते खरा धोका असा की उद्या पॅसिफिकमध्ये काही पेटलं, तर अमेरिकेला लढायला लागणाऱ्या वस्तू ज्याच्याशी लढायचं त्याच्याकडूनच मागाव्या लागतील. लष्करी आणि आर्थिक हे दोन वेगळे धोके मानले की इथेच चूक होते.

मी सुट्या भागांच्या खरेदीत काम करते. साध्या गाडीतसुद्धा डझनावारी छोट्या मोटरी असतात: काच वरखाली करणारी, सीट सरकवणारी, वायपरची, स्टिअरिंगला जोर देणारी. ज्या मोटरीला कमी जागेत जास्त ताकद लागते तिच्यात नियोडिमियमचं चुंबक बसवतात. बोटाच्या पेराएवढा तुकडा, वर निकेलचा चकचकीत मुलामा. दिसायला दणकट, पण ठिसूळ. फरशीवर पडला की टवका उडतो. असे दोन तुकडे जवळ आले आणि मधे बोट सापडलं, तर रक्त साकळतं. बॉनेटखालच्या उष्णतेत चुंबकशक्ती टिकावी म्हणून त्यात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम या दुर्मिळ धातूंपैकी एखादा चिमूटभर घालतात. ती चिमूट नसेल तर मोटर तापल्यावर चुंबक मान टाकतं.

एप्रिल २०२५ मध्ये, ट्रम्प यांनी नवे आयातकर जाहीर केल्यावर दोनच दिवसांनी, चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या (इंग्रजीत ‘रेअर अर्थ’) आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. डिस्प्रोसियम, टर्बियम, समेरियम ही त्यातलीच. कागदावर ही बंदी नव्हती. पुरवठादाराने बीजिंगच्या वाणिज्य मंत्रालयाकडे अर्ज करायचा, माल शेवटी कोण वापरणार आणि कशासाठी याचे दाखले जोडायचे, मागतील तिथे फोटोही द्यायचे, आणि मग वाट पाहायची. छाननीला पंचेचाळीस कामाचे दिवस लागू शकतात. अमेरिकी कारखान्यात कुठला भाग कुठे बसतो, कोणाला जातो, हे आपल्याच हाताने लिहून प्रतिस्पर्धी देशाच्या मंत्रालयाला द्यायचं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त खुपलं ते हे.

मे महिन्यात फोर्डला शिकागोचा एक्सप्लोरर बनवणारा कारखाना आठवडाभर बंद ठेवावा लागला. त्याच वर्षी पावसाळ्यात तिकडे बजाज ऑटोला चेतक स्कूटरचं उत्पादन चुंबकांअभावी घटवावं लागलं, त्यामुळे मामांना हे समजावून सांगायला फार वेळ लागला नाही. भांडण वॉशिंग्टन आणि बीजिंगचं, पण त्याची झळ पुण्यालाही बसली.

याची मागची गोष्ट कळली की जास्त वाईट वाटतं. हे चुंबक १९८०च्या दशकात जनरल मोटर्सच्या आणि जपानच्या सुमितोमोच्या संशोधकांनी जवळजवळ एकाच वेळी शोधलं. जनरल मोटर्सने ते बनवायला इंडियाना राज्यात मॅग्नेक्वेंच नावाची कंपनी काढली. १९९५ मध्ये ती विकली गेली. घेणाऱ्यांत चिनी कंपन्या होत्या. पुढे काही वर्षांत इंडियानातलं काम बंद झालं आणि चीनमध्ये गेलं. कॅलिफोर्नियातली माउंटन पासची खाण एकेकाळी जगाला ही मूलद्रव्यं पुरवत होती, तीही २००२ मध्ये बंद पडली. नंतर ती पुन्हा सुरू झाली, तरी खणलेला माल शुद्ध करायला बरीच वर्षं चीनलाच जात होता. आज शुद्धीकरणाचं आणि चुंबकं बनवण्याचं सुमारे नव्वद टक्के काम चीनकडे आहे. हे कोणी हिसकावून नेलं नाही. स्वस्त पडतंय म्हणून दिलं गेलं आणि दोन्ही पक्षांची सरकारं बघत राहिली. हे लिहिताना मला राग येतो.

हा प्रश्न फक्त गाड्यांचा असता तर मी त्याला सुरक्षेचा प्रश्न म्हटलं नसतं. पण २०२२ मध्ये पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, एफ-३५ या लढाऊ विमानांचा ताबा घेणं काही आठवडे थांबवलं होतं, कारण त्यातल्या एका यंत्राच्या चुंबकात चीनमध्ये बनलेला मिश्रधातू निघाला. अमेरिकेच्या सर्वांत महागड्या शस्त्रप्रकल्पात! शेवटी खास सवलत देऊन विमानं घ्यावी लागली.

आता नौदलाचं. चीनकडे ३७० हून जास्त युद्धनौका आणि पाणबुड्या आहेत, अमेरिकेकडे तीनशेच्या आतबाहेर. नुसत्या आकड्याने घाबरू नका. अमेरिकेच्या नौका मोठ्या आहेत, विमानवाहू नौका अकरा आहेत. चीनकडे तीन, त्यातली तिसरी, फुजियान, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये नौदलात दाखल झाली. मला काळजी वाटते ती गोदीची. जगातली निम्म्याहून जास्त व्यापारी जहाजं आज चीनमध्ये बांधली जातात. अमेरिकेचा वाटा एक टक्कासुद्धा नाही. युद्ध लांबलं तर बुडालेली नौका कोण लवकर भरून काढणार आणि मोडलेली कोण लवकर दुरुस्त करणार, यावर निकाल ठरतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका याच जोरावर जिंकली. तो जोर आज समोरच्याकडे आहे.

आणि पेटलंच तर तैवानवरून पेटेल. चीन आणि तैवानमधली सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी सुमारे १३० किलोमीटर. पलीकडच्या बेटावर जगातल्या अत्याधुनिक चिप्सपैकी सुमारे नव्वद टक्के बनतात. २०२७ पर्यंत तैवानच्या मोहिमेसाठी सज्ज राहा, असा आदेश शी जिनपिंग यांनी लष्कराला दिल्याचं सीआयएचे तेव्हाचे प्रमुख विल्यम बर्न्स यांनी २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. हल्ला ठरला आहे असा त्याचा अर्थ नाही, हेही त्यांनीच स्पष्ट केलं होतं. त्याच वर्षी ‘व्होल्ट टायफून’ या चिनी हॅकर गटाचा छडा लागला. पॅसिफिकमधलं अमेरिकेचं बेट ग्वाम आणि खुद्द अमेरिकेतल्या दूरसंचार, वीज, पाणी अशा यंत्रणांत हे लोक शिरून बसले होते, आणि तिथे चोरण्यासारखं फारसं काही नव्हतं. संकटाच्या वेळी यंत्रणा बंद पाडता याव्यात म्हणूनच ही घुसखोरी, असा अमेरिकी संस्थांचा निष्कर्ष आहे. मला तो पटतो. पाणीपुरवठ्याच्या संगणकात दुसरं कशासाठी शिरतात?

चीनच्या अडचणीही कमी नाहीत. त्याचं लष्कर १९७९ च्या व्हिएतनाम युद्धानंतर मोठ्या लढाईत उतरलेलं नाही. क्षेपणास्त्र दलाचे प्रमुख, दोन माजी संरक्षणमंत्री आणि २०२५ मध्ये तर लष्कर चालवणाऱ्या केंद्रीय लष्करी आयोगाचे एक उपाध्यक्षच भ्रष्टाचाराच्या आरोपांखाली पदावरून गेले. लोकसंख्या घटते आहे. बांधकाम धंदा एव्हरग्रँड ही बडी बिल्डर कंपनी कोसळल्यापासून सावरलेला नाही. ‘चीनने अमेरिकी कर्जरोखे विकले तर?’ असंही बरेच जण विचारतात. ती भीती सोडून द्या. चीनकडचे रोखे दहा-बारा वर्षांत १.३ लाख कोटी डॉलरवरून बरेच खाली आले, अमेरिका चालूच राहिली, आणि एकदम विकले तर नुकसान चीनचंही आहे.

औषधांची काळजी मात्र करा, आणि ही आपल्या घराजवळची गोष्ट आहे. अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या जेनेरिक औषधांपैकी जवळपास निम्मी भारतातून येतात. ती बनवायला लागणारा कच्चा माल भारत मुख्यतः चीनमधून आणतो. प्रतिजैविकांच्या बाबतीत तर हे अवलंबित्व फारच खोल आहे. डेट्रॉईटच्या औषधाच्या दुकानात पाकिटावर भारताचं नाव असलेल्या गोळीची सुरुवात चीनच्या एखाद्या रासायनिक कारखान्यात झालेली असू शकते. म्हणजे चीनऐवजी भारताकडून घेतलं की सुटलो, असंही नाही.

यावर उपाय आहे आणि तो जपानने करून दाखवला आहे. २०१० मध्ये जपान आणि चीन दोघेही हक्क सांगतात त्या सेनकाकू बेटांजवळ एका चिनी मासेमारी बोटीच्या कप्तानाला जपानने पकडलं, तेव्हा चीनने याच मूलद्रव्यांची जहाजं अडवली. जपानने त्यानंतर आरडाओरडा केला नाही. ही मूलद्रव्यं काढणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत सरकारी पैसा घातला, साठे केले, कमी डिस्प्रोसियममध्ये चालणारी चुंबकं शोधली. चीनवरचं अवलंबित्व सुमारे नव्वद टक्क्यांवरून साठच्या आसपास आलं, आणि तेवढ्यालाही दशक लागलं. जुलै २०२५ मध्ये पेंटागॉनने माउंटन पास चालवणाऱ्या एमपी मटेरियल्समध्ये ४० कोटी डॉलर घातले आणि दहा वर्षांसाठी किमान भावाची हमी दिली. चीनने भाव पाडले तरी खाण बंद पडणार नाही, अशी ही व्यवस्था. माझ्या दृष्टीने ट्रम्प यांनी चिनी मालावर लावलेल्या १४५ टक्क्यांच्या आयातकरापेक्षा हे एक पाऊल मोलाचं आहे. तो कर तर महिन्याभरात बराच खाली आणावा लागला, आणि चुंबकांची टंचाई हे त्यामागचं एक कारण मानलं जातं.

एक गोष्ट मी प्रत्येकाला आवर्जून सांगते. मी राहते त्याच डेट्रॉईट भागात, हायलंड पार्कमध्ये, १९८२ च्या जूनमध्ये व्हिन्सेंट चिन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला बेसबॉलच्या बॅटने ठार मारण्यात आलं. लग्न काही दिवसांवर आलं होतं. तेव्हा धोका जपानचा होता; जपानी गाड्यांमुळे नोकऱ्या जातात म्हणून रोष होता. मारणारे दोघे गाड्यांच्या धंद्यातले. चिन जपानी नव्हता, चिनी वंशाचा अमेरिकी नागरिक होता. त्या दोघांना न्यायाधीशांनी तीन वर्षांची प्रोबेशन (तुरुंगाऐवजी नुसती देखरेख) आणि तीन-तीन हजार डॉलर दंड एवढीच शिक्षा दिली. अलीकडे, २०१८ ते २०२२ या काळात, चीनसाठी होणारी हेरगिरी शोधायला अमेरिकी न्याय खात्याने काढलेल्या ‘चायना इनिशिएटिव्ह’ मोहिमेखाली चिनी वंशाच्या अनेक शास्त्रज्ञांवर खटले भरले गेले. एमआयटीचे प्राध्यापक गांग चेन यांच्यावरचे आरोप वर्षभराने सरकारलाच मागे घ्यावे लागले. तोवर त्यांच्या संशोधनाचं आणि घराचं जे व्हायचं ते झालं होतं. चीनच्या सरकारपासून धोका आहे असं मी म्हणते, तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या चिनी इंजिनिअरबद्दल मी बोलत नसते. इथे आपली मुलं वाढवणाऱ्या आपण मराठी लोकांनी तर हा फरक जिवापाड सांभाळला पाहिजे. रागावलेल्या माणसाला चेहऱ्यावरून देश ओळखता येत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये चीनने नियम आणखी कडक केले, मग महिनाअखेरीला बुसानमध्ये ट्रम्प आणि शी भेटले आणि ते नवे नियम वर्षभरासाठी स्थगित झाले. पेपरात ‘तडजोड झाली’ असं छापून आलं आणि पुण्याहून मामांचा फोन आला, ‘मिटलं ना आता?’ मी म्हटलं, मामा, स्थगिती ऑक्टोबरच्या नियमांना आहे. एप्रिलमध्ये सुरू झालेली परवान्याची पद्धत त्या तडजोडीने रद्द झालेली नाही.