नवतपा आणि लाईन

नवतप्याचा, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतला तिसरा दिवस. दुपारी दोनला लाईन गेली ती साडेसहाला आली. कुलरची टाकी सकाळीच भरली होती, वाळ्याच्या ताट्या ओल्या होत्या, पण पंखाच फिरत नाही तर काय! आई ओला पंचा डोक्यावर घेऊन ओसरीत बसली. बाबा दर दहा मिनिटांनी शेजारच्या काकांना हाक मारत होते, "लाईन आली का गा?" जणू त्यांच्या घरी वेगळी येते.

गंमत म्हणजे आमच्या भद्रावती तालुक्यातच कोळशाच्या खाणी आहेत. पंचवीस-तीस किलोमीटरवर चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र, २९२० मेगावॉटचं, राज्याच्या सरकारी वीज कंपनीचं सर्वांत मोठं. कोळशाचे ट्रक गावाजवळून रात्रंदिवस जातात. अंगणातल्या दोरीवरचा पांढरा शर्ट संध्याकाळी झटकला की बोटाला काळं लागतं. धूळ आमची, वीज मुंबई-पुण्याची, असं बाबा म्हणतात. ते पूर्ण खरं नाही, पण दुपारी तीनला त्यांच्याशी वाद कोण घालणार?

३० मे २०२४ ला देशाची विजेची मागणी २५० गिगावॉटवर, म्हणजे अडीच लाख मेगावॉटवर गेली होती. ऊन वाढलं की कुलर-एसी वाढतात, ते चालवायला आणखी कोळसा जळतो, आणि त्याच धुरातल्या कार्बन डायऑक्साइडनं ऊन आणखी वाढतं. दिवसा सोलर हात देतं, पण सूर्य मावळल्यावरही भिंती तापलेल्याच असतात. तेव्हा परत कोळसाच.

लाईन आली तेव्हा आईनं आधी कुलर नाही, विहिरीवरची मोटर लावली. म्हशी तहानलेल्या होत्या.