शिवणीची गिटार, नोंद 5: फोटोतला तो रंग आणि माझ्या सहा पट्ट्या

मंडळी, दिवाळीनंतर पहिल्यांदाच लिहितोय. मी बनवत असलेल्या गिटारच्या बॉडीवर रंगाचे तीन हात बसलेत. वरचा पारदर्शक लॅकर मात्र मी मुद्दाम थांबवलाय, आणि कारण तुम्हाला ठाऊक आहे: जुन्या धाटणीच्या त्या नव्या, कंपनीनं अजून उघड न केलेल्या गिटारचा अर्धवट उजेडातला फोटो. तिचा रंग नेमका कोणता? महिना झाला, आपल्यात दुसरा विषय नाही. आर्वीचे मित्र सर्फ ग्रीन म्हणतात, पुसदचे फोम ग्रीनवर अडून बसलेत. मला तो सोनिक ब्लू, म्हणजे फिकट आकाशी वाटतो, वरून पिवळट लॅकर मारलेला. आधी हा नुसता अंदाज होता. आता गच्चीवरच्या पट्ट्या हातात आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

नव्यांसाठी थोडक्यात: बॉडी शिवण या झाडाच्या लाकडाची, दोन फळ्या जोडून, जाडी 45 मिलिमीटर. शिवण वजनाला हलकी, अमेरिकेत गिटारला वापरतात त्या आल्डर लाकडाच्या जवळपास जाणारी, आणि आमच्याकडे मिळते. सागवान कितीही देखणं असलं तरी गळ्यात अडकवायला जड पडतं. नेक तयार विकत घेतली. मागच्या चार नोंदींत हे सगळं आहे.

आता रंग. पन्नास-साठच्या दशकात फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीनं हे रंग स्वतः घडवले नव्हते. ड्यूपाँट कंपनीचे मोटारींचे रंग होते, तेच गिटारवर आले. सोनिक ब्लू 1956च्या कॅडिलॅकचा, सर्फ ग्रीन 1957च्या शेव्हर्लेचा, फिएस्टा रेड फोर्डच्या थंडरबर्डचा. असा खास रंग हवा असेल तर गिऱ्हाइकाला 5 टक्के जास्त मोजावे लागत. ड्यूपाँटच्या रंगांत दोन घराणी होती: ल्यूसाइट हा अ‍ॅक्रिलिक लॅकर आणि ड्यूको हा नायट्रोसेल्युलोजचा.

ड्यूको म्हटल्यावर तुमच्याही कानात काहीतरी वाजलं असेल. हिंगणघाटला ज्यांच्या शेडमध्ये मी रंग मारतो, ते काका चाळीस वर्षं गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "डुको मारायचा का, भाऊ?" कपाटाला डुको, फियाटला डुको, राजदूतच्या टाकीला डुको. 1923 साली बाजारात आलेल्या एका अमेरिकन रंगाचं ते नाव आहे, हे मी त्यांना सांगितलं. आठवडे घेणारं मोटारीचं रंगकाम त्या रंगानं तासांवर आणलं होतं. काका स्प्रे गन धुता धुता थांबले. "म्हंजे येवढे वर्स आपन कंपनीचंच नाव घेत होतो!" मग थोड्या वेळानं, "मंग बरोबर आहे. वास तोच आहे." मला तो दुपारचा प्रसंग फार जवळचा वाटतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नायट्रोसेल्युलोज कापसापासून होतं. जिनिंगमध्ये रुई निघाली तरी सरकीवर बारीक लव राहते, तिला लिंटर म्हणतात. तिच्यावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की हा पदार्थ तयार होतो. नायट्रोजन जास्त बसवला तर स्फोटक, कमी बसवला तर लॅकर. आमच्या शेतात सध्या वेचणी सुरू आहे. सकाळी कापसाच्या गाठोड्यांना हात लावायचा आणि दुपारी त्याच जातीची वस्तू गनमधून लाकडावर मारायची, असे दिवस चाललेत. (म्हणूनच शेडमध्ये विडी बंद, वेल्डिंग बंद. ही वाफ लवकर पेटते. तोंडाला रुमाल पुरत नाही, वाफेचं काडतूस असलेला मास्कच लावा.)

हाच पदार्थ उन्हात, उष्णतेत आणि वयानं पिवळा पडतो. फेंडरचा जुना ऑलिंपिक व्हाइट सायीसारखा दिसतो, लेक प्लॅसिड ब्लू हिरवट होतो, तो यामुळेच. खालचा रंग फारसा बदललेला नसतो, बदलते ती वरची लॅकरची काच. जुन्या गिटारचा पिकगार्ड (बॉडीवरची प्लॅस्टिकची पट्टी) काढला की खाली मूळ रंग सापडतो, कारण तिथे उजेड पोचलेला नसतो.

तर पट्ट्या. एप्रिलमध्ये, फोटो येण्याच्या आधीच, शिवणीच्या सहा पट्ट्या केल्या: तीन सोनिक ब्लूच्या जवळच्या, तीन सर्फ ग्रीनच्या जवळच्या. दोन्हींत एकीवर लॅकर नाही, एकीवर साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, एकीवर किंचित पिवळा वुड स्टेन मिसळलेला. प्रत्येकीचा अर्धा भाग चांदीच्या कागदात गुंडाळला आणि गच्चीवर ठेवल्या. मे महिन्यात आमच्याकडचं ऊन काय असतं ते सांगायला नको. पावसाळ्यात घरात घेतल्या, ऑक्टोबर हीटमध्ये पुन्हा बाहेर.

निकाल असा. साध्या लॅकरची निळी पट्टी उघड्या बाजूला चक्क समुद्री हिरवी झाली, कागदाखाली अजून आकाशी आहे. स्टेनवाली पहिल्या दिवसापासूनच तशी होती, आता आणखी गडद. सर्फ ग्रीनच्या पट्ट्या मात्र पोपटीकडे, पिस्त्याकडे सरकल्या. निळा त्यांच्यात कुठेच उरला नाही.

खरा पुरावा कडांवर सापडला. पाण्याचा 1000 नंबरचा पॉलिश पेपर फिरवला की कडेवरचा लॅकर सर्वांत आधी पातळ होतो. निळ्या पट्टीच्या कडेला केसाएवढी निळी रेघ उमटली, हिरवीच्या कडेला हिरवीच राहिली. आता फोटो पुन्हा उघडा आणि बॉडीच्या वरच्या शिंगाची (नेकजवळच्या टोकाची) गोलाई मोठी करून बघा. तिथे ती निळसर रेघ आहे. उजेडाचा खेळ म्हणावा तर शेजारची बटणं स्वच्छ पांढरी दिसतात, त्यांच्यावर ना निळी झाक ना पिवळी. फोम ग्रीनला तर माझ्या मते त्या फोटोत जागाच नाही. अर्थात कंपनीनं झाकण उघडेपर्यंत पैज मी घेणार नाही.

ती हिरवट झालेली पट्टी ओट्यावर वाळत होती, तेव्हा आईनं उचलली. "हा त आपल्या जुन्या सयपाकघराच्या भितीचा रंग हाये." मी ऐकतच राहिलो. चुन्यात नीळ घालून सारवलेली भिंत, आणि तिच्यावर वर्षानुवर्षं चुलीचा धूर. निळ्यावर पिवळं! जुन्या घरात जाऊन पोपडा आणला आणि पट्टीला लावून पाहिला. चुलीजवळच्या भागाचा रंग जवळजवळ तोच.

अडचणींबद्दल दोनच ओळी. जुलैत एकदा घाई केली. दमट हवेत थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो, ओल धरतो आणि लॅकर पांढरा पडतो. माझा पडला. रिटार्डर, म्हणजे हळू उडणाऱ्या थिनरचा हलका हात मारून तो पांढरेपणा गेला, पण पावसाळ्यात पुन्हा करणार नाही. दुसरं नुकसान मोठं: एका दुकानातून रंग मशीनवर जुळवून घेतला, एनसी सांगूनही सिंथेटिक इनॅमल दिलं. वर लॅकरचा हात बसताच सगळं सुरकुतलं. पूर्ण बॉडी घासून लाकडापर्यंत यावं लागलं, पंधरा दिवस गेले. डबा उघडल्यावर थेंबभर रंग काचेवर वाळवा आणि थिनरचा बोळा फिरवा. विरघळला तर एनसी, नुसता फुगून सुरकुतला तर परत करा.

आता बॉडीवर स्टेनवाला लॅकर मारायचा की साधा मारून उन्हावर सोडायचं, यावर आठ दिवस घोळलो. साधाच मारणार. पुढच्या रविवारी काकांची शेड मोकळी आहे. दिवसाला तीन पातळ हात, असे चार दिवस, मग महिनाभर टांगून ठेवायची. पिकगार्डखाली चांदीच्या कागदाचा तुकडा ठेवतोय. आर्वी आणि पुसदवाल्यांनी आपापल्या पट्ट्या फेब्रुवारीत घेऊन याव्यात, भिंतीचा पोपडा मी डबीत जपून ठेवलाय.