टॅपेट कव्हरचं पॅकिंग
आमच्या जुन्या पेट्रोल-सीएनजी गाडीचं ऑइल गळत होतं. थेंब चेंबरखाली, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली पडायचे, म्हणून एका गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स उतरवून क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) सील बदलायला सांगितलेलं. आजच्या मिस्त्रींनी आधी इंजिन पुसून कोरडं केलं, गाडी चालू ठेवली आणि टॉर्च मारत वरून खाली बघत आले. ऑइल टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या कडेने झिरपत होतं! जुनं पॅकिंग उष्णतेने इतकं कडक झालेलं की काढताना तुकडे पडले. नवीन बसवून बोल्ट बेताने आवळले. जास्त आवळले तर कव्हर वाकतं. इंजिनच्या आत साठणारा गॅस काढून देणारा पीसीव्ही व्हॉल्व्हही साफ केला, तो चोक झाला की आतला दाब ऑइल बाहेर ढकलतो. असा नीट बघणारा माणूस भेटला, फार बरं वाटलं. सीएनजीचे जोडही त्यांनी न सांगता साबणाच्या पाण्याने तपासून दिले.