डब्याच्या बुडाखालचा आकडा

ओट्याखालचा खण एकदाचा रिकामा केला, तेव्हा डबे निघाले २६ आणि झाकणं ३९. वरची १३ झाकणं कुठून आली, याचा नाद मी सोडला. ठेवायचं काय आणि काढायचं काय, ते मात्र ठरवणं भाग होतं. अर्ध्या तासाचं काम म्हणून बसले आणि अख्खा शनिवार, वर रविवारची सकाळ त्यातच गेली.

सुरुवात सोपी वाटली. डबा उपडा करायचा, बुडाशी बाणांच्या त्रिकोणात १ ते ७ पैकी जो आकडा असेल त्या ढिगात तो टाकायचा. बाण गोल फिरतात म्हणजे वस्तू रिसायकल होते, अशी माझी इतक्या वर्षांची पक्की समजूत. वाचायला बसले आणि ती पहिल्या तासातच मोडली. ही पद्धत १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने आणली, ती वस्तू कुठल्या प्लास्टिकची आहे हे वेगवेगळं करणाऱ्याला कळावं म्हणून. वस्तू पुढे रिसायकल होईल का, तिच्यात गरम काही ठेवावं का, याबद्दल तो आकडा एक शब्द बोलत नाही. बाणांमुळे लोकांची गफलत होते म्हणून २०१३ मध्ये बाण काढून साधा त्रिकोण करायचं ठरलंसुद्धा. माझ्या खणात मात्र जिकडेतिकडे बाणच.

पहिला धडा १ नंबरने दिला. हे पीईटी, पाण्याच्या पारदर्शक बाटल्यांचं प्लास्टिक. एका बाटलीला आतून तेलाचा ओशटपणा होता, म्हणून सरळ उकळतं पाणी ओतलं. बाटली हातातल्या हातात आखडली, पोट आत गेलं, एका बाजूला कलली, आणि निम्मं पाणी माझ्या पायावर. ही बाटली बनवताना एक छोटी जाड नळी गरम करून, ताणून, फुगवलेली असते. साधारण ७० अंशांच्या पुढे पीईटी मऊ पडतं, मग तो ताण सुटतो आणि बाटली पुन्हा आखडू बघते. बुडाच्या मधोमध नखाला लागणारा टिंब असतो ना, तिथून वितळलेलं प्लास्टिक त्या नळीच्या साच्यात शिरलेलं असतं. पाय चोळत बसल्यावर हे सगळं वाचायला भरपूर वेळ मिळाला.

२ आणि ४ ही भावंडं, दोन्ही पॉलिथीन. २ नंबर घट्ट विणीचं, शाम्पूच्या आणि कपडे धुण्याच्या साबणाच्या अपारदर्शक बाटल्यांचं, हाताला किंचित मेणचट. ४ नंबर मऊ, पिशव्यांचं. ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन, आणि माझा जीव याच्यावर जडला. सॉसच्या बाटलीचं टोपण आठवा. झाकण आणि तळ एकाच तुकड्याचे, मध्ये फक्त पातळ पट्टीची बिजागरी. शेकडो वेळा दुमडली तरी तुटत नाही. शिवाय हे १६० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे उकळत्या पाण्याला दाद देत नाही. मायक्रोवेव्हला चालणारे डबे बहुधा याचेच असतात. तरी ‘मायक्रोवेव्हला चालेल’ हे वाचून मी निर्धास्त होत नाही. तेलकट आणि कढत पदार्थ काचेच्या भांड्यात काढून घेते. डबा वाकला नाही म्हणजे त्यातून काहीच उतरलं नाही, असं थोडंच आहे?

खरी पंचाईत झाली ती बिनआकड्याच्या १७ वस्तूंची. त्यातली एक ताटली कात्रीला दादच देईना. ती मेलामाइनची. असलं प्लास्टिक एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळतच नाही, म्हणजे रिसायकलचा प्रश्न मिटला. उरलेल्या १६ वस्तूंचे नखाएवढे तुकडे कापले, प्रत्येकाचा आकार वेगळा ठेवला आणि बादलीत टाकले. पॉलिथीन आणि पॉलिप्रोपिलीन पाण्याहून हलकी, ती तरंगणार. पीईटी, पीव्हीसी, पॉलिस्टायरीन जड, ती बुडणार. एवढं सोपं. आणि बघते तर सोळाच्या सोळा तरंगतायत! पडताळा म्हणून त्या आखडलेल्या बाटलीचा तुकडा टाकला, तर तोही वर. पाण्याचा पृष्ठताण आणि कडांना चिकटलेले हवेचे बुडबुडे यांनी सगळ्यांना उचलून धरलं होतं. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकला, चमच्याने दाबून ढवळलं, आणि सहा तुकडे गुपचूप तळाशी गेले.

मग लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम मीठ विरघळवलं आणि ते सहा त्यात सोडले. तीन तुकडे तळ सोडून हळूहळू वर आले. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. ते पॉलिस्टायरीन, म्हणजे ६ नंबर, पाण्यापेक्षा जेमतेम जड. मूळ वस्तू वाकवून पाहिल्या तर कडकन तुटल्या. कारखान्यातही याच पाण्याच्या जोरावर पीईटीच्या चुऱ्यातून टोपणांचा चुरा वेगळा होतो. बाटली तळाला, टोपण वर.

तळाशी उरलेल्या तिघांपैकी दोन पारदर्शक पीईटीसारखे होते. तिसऱ्याच्या घडीवर पांढरी रेघ उमटली, तेव्हा पीव्हीसीचा संशय आला. पीव्हीसी म्हणजे ३ नंबर, आणि त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो. तापवलेल्या तांब्याच्या तारेला तुकडा लावून ज्योत हिरवी होते का ते पाहतात, पण त्या धुरात आम्ल असतं, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही. पीईटीच्या घाण्यात चुकून पीव्हीसी गेलं तर पीईटी वितळायच्या आतच ते जळू लागतं आणि माल पिवळा पडतो. संशयावरच बाजूला ठेवलं.

७ नंबर म्हणजे ‘इतर’, उरल्यासुरल्यांची धर्मशाळा. त्यात माझा एक लाडका डबा निघाला, काचेसारखा कडक, आता चरे पडून धुरकट झालेला. आकड्याखाली बारीक अक्षरांत पीसी, म्हणजे पॉलिकार्बोनेट. हे बीपीए (बिस्फेनॉल-ए) नावाच्या रसायनापासून बनतं, आणि बाळांच्या बाटल्यांसाठी युरोपने २०११ मध्येच त्याला मनाई केली. डब्यात आता पेचकस आणि स्क्रू राहतात.

रविवारी भंगारवाला आला. मी ढीग दाखवले, बादलीची कथा सांगितली. त्याने एक तुकडा कानाशी चुरगळला, फेकला, दुसरा चुरगळला, फेकला. ‘‘ताई, मीठ वाया घालवलंत,’’ म्हणाला. चकचकीत पाकिटं आणि ताटली त्याने नेलीच नाहीत. पाकिटांत प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे कोण करणार?

खणात ११ डबे राहिले, झाकणं १२. आणि ते मिठाचं पाणी मी सवयीने कुंडीत ओतायला निघालेच होते.